चासीचा नंबर आहे, चासी कुठे आहे?

वापरलेली गाडी घ्यायला गेलेला माणूस दोन प्रश्न हमखास विचारतो. इंजिन कधी खोललंय का, आणि चासीला मार लागलाय का. विकणारा दोन्ही प्रश्नांना ‘छे, छे’ म्हणतो. इंजिनाबद्दलचं उत्तर खरं की खोटं, हे जाणकार मेकॅनिक थोड्या वेळात सांगू शकतो. दुसऱ्या उत्तराची गोष्ट वेगळी आहे. बोलणं ज्या गाडीबद्दल चाललंय, तिला बहुतेक वेळा चासी नावाची वेगळी वस्तूच नसते. नसलेल्या वस्तूला मार लागलेला नाही असं सांगणाऱ्याला खोटारडा तरी कसं म्हणायचं?

हा शब्दांचा खेळ वाटेल. पण या शब्दात पैसा अडकलेला आहे आणि अपघाताच्या वेळी जीवही. ‘चासी’ हा एकच शब्द आपण गाडीचं वजन पेलणाऱ्या सांगाड्यासाठीही वापरतो आणि कागदावरच्या गाडीच्या ओळखीसाठीही. एके काळी या दोन्ही गोष्टी खरोखरच एकाच लोखंडावर होत्या. आता त्यांची फारकत झाली आहे, आणि आपला कागद, आपला बाजार, आपली बोलण्याची रीत हे सगळं मात्र जुन्याच हिशेबावर चाललंय. या फारकतीची नोंद सरकारी कागदावर झाली पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. ते का, हे सांगण्यासाठी शब्दाच्या कुळापासून सुरुवात करावी लागेल, कारण घोळ तिथूनच उलगडतो.

लॅटिनमध्ये ‘कॅप्सा’ म्हणजे पेटी. रोमन लोक त्यात लिखाणाच्या गुंडाळ्या ठेवत. या शब्दाचा फ्रेंचमध्ये ‘शास’ झाला, म्हणजे संतांचे अवशेष जपून ठेवायची पेटी, आणि त्यापासून ‘शासी’, म्हणजे चौकट. आपण रोज वापरतो ते केस, कॅश, कॅप्सूल हे शब्दही याच पेटीतून निघालेले. फ्रेंच माणूस आजही खिडकीच्या चौकटीला शासी म्हणतो, आणि चित्रकार ज्या लाकडी चौकटीवर कॅनव्हास ताणतो तिलाही. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला तो खिडकी घेऊनच. शेवटचा ‘स’ पाहून इंग्रजांना ते अनेकवचन वाटलं, तो त्यांनी छाटून टाकला आणि सरकत्या खिडकीला ‘सॅश’ म्हणायला लागले. म्हणजे सॅश आणि चासी ही सख्खी भावंडं. पुढे एकोणिसाव्या शतकात तोफा आल्या. तोफ उडाली की तिचा गाडा ज्या खालच्या चौकटीवरून मागे सरकतो, ती चौकट म्हणजे शासी. विसाव्या शतकाच्या तोंडावर मोटार रस्त्यावर आली आणि शब्द तिच्या पोटाखाली जाऊन बसला. थोडक्यात, पेटीच्या भिंती गेल्या आणि चौकट तेवढी उरली.

मराठीने या पाहुण्याला केव्हाच घरात घेतलं आहे. कुणी चासी म्हणतो, कुणी चॅसिस, कुणी चेसी. गॅरेजात तो शब्द स्त्रीलिंगी झाला, त्याला विभक्तीचे प्रत्यय लागले, ‘चासी वाकली’, ‘चासीला तडा गेला’, ‘चासीवर बॉडी चढवली’ अशी त्याची वाक्यं ठरून गेली. मूळ उच्चार ‘शासी’ आहे म्हणून तोच करा, असं सांगणाऱ्या शुद्धिप्रेमींचं मला काही पटत नाही. इंग्रजांनी त्याचं सॅश केलं तेव्हा कोण आडवं आलं होतं? आणि परका म्हणून तो हाकलून ‘सांगाडा’ किंवा बैलगाडीचा ‘साटा’ आणा, असं म्हणणाऱ्यांशीही मी भांडणार नाही. साटा हा शब्द सुरेखच आहे. पण शब्द बदलून हा गोंधळ मिटणार नाही. जी वस्तू गाडीत उरलेली नाही, तिला मराठी नाव दिल्याने ती परत येत नाही.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात चासी ही बघता येणारी, हात लावता येणारी वस्तू होती. आधी ती लाकडाची असे, लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली. 1901 साली विल्हेल्म मायबाखने घडवलेल्या 35 अश्वशक्तीच्या मर्सिडीजमध्ये ती दाबून घडवलेल्या पोलादाची झाली आणि पुढे तीच रीत पडली. या चौकटीवर इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, चाकं, ब्रेक असं सगळं बसवलं की गाडी चालू लागे. वर बॉडी नसली तरी चाले. म्हणून त्या काळात चासी म्हणजे नुसती चौकट नव्हे, तर बॉडी सोडून बाकी सगळी गाडी. रोल्स-रॉइस कंपनी तर दुसऱ्या महायुद्धापर्यंत फक्त चासीच विकायची. गिऱ्हाईक ती घेऊन बार्कर किंवा हूपर अशा बॉडी बांधणाऱ्यांकडे जाई आणि आपल्या ऐपतीप्रमाणे, आवडीप्रमाणे वरचा साज चढवून घेई. काही वर्षांनी कंटाळा आला तर बॉडी उतरवून दुसरी चढवायची. चासी तीच.

अशा व्यवस्थेत गाडीचा नंबर चासीवर ठोकणं अगदी शहाणपणाचं होतं. बॉडी येईल-जाईल, टिकून राहणार ती चासी. 1907 सालची रोल्स-रॉइसची मूळ सिल्व्हर घोस्ट आजही 60551 या चासी नंबराने ओळखली जाते. कायद्यानेही हाच हिशेब उचलला. भारताच्या 1988 च्या मोटार वाहन कायद्यातली ‘मोटार वाहना’ची व्याख्या पाहा: बॉडी न चढवलेली चासीसुद्धा त्यात मोटार वाहनच ठरते. जगभरच्या जकातीच्या वर्गवारीत इंजिन बसवलेल्या चासीला 8706 असा वेगळा आकडा आहे आणि नुसत्या बॉडीला 8707. गंमत म्हणजे त्याच चासीवर ड्रायव्हरची केबिन बसवली की जकातवाल्यांच्या लेखी ती चासी राहत नाही, ती अख्खी गाडी होते आणि वेगळ्या आकड्याखाली जाते. वस्तू तीच, पण व्याख्या करणाऱ्याचं काम काय आहे यावर तिचं नाव ठरतं.

ट्रक आणि बऱ्याचशा बसेसच्या बाबतीत हा जुना अर्थ आजही शंभर टक्के खरा आहे. ट्रकखाली वाकून पाहिलं तर दोन लांबच लांब पोलादी पट्ट्या दिसतात, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारख्या कापाच्या, एकमेकींकडे तोंड करून उभ्या. त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे तुकडे. हे आडवे तुकडे बहुतेक ठिकाणी वेल्डिंगने नव्हे तर रिव्हेट किंवा बोल्टने जोडलेले असतात, आणि त्याला कारण आहे. भरलेला ट्रक खड्ड्यातून जाताना ही शिडी पिळवटते. तिने पिळवटावं अशीच तिची रचना असते. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचं पोलाद बदलतं आणि रोजच्या पिळवटण्याने नेमका तिथेच तडा जातो. तसंच भोक पाडायचं झालं तर पट्टीच्या उभ्या भागात पाडावं, वरच्या-खालच्या आडव्या कडांना हात लावू नये, असं बनवणारे बजावून सांगतात, कारण ओझ्याने पट्टी वाकते तेव्हा सगळ्यात जास्त ताण त्या कडांवर असतो. बॉडी बांधताना सोय म्हणून कडेला पाडलेलं एक भोक पुढे काही वर्षांनी तड्याचं मूळ ठरतं. इथे ‘चासीला मार लागलाय का’ या प्रश्नाला स्वच्छ उत्तर आहे. टॉर्च घ्या, खाली झोपा, कडा बघा.

कारचं तसं नाही. तिचं काय झालं हे समजायला पुठ्ठ्याचं एक खोकं घ्या. झाकण उघडं ठेवून दोन्ही हातांनी पिळा, सहज पिळवटतं. झाकण चिकटवून पुन्हा पिळा. आता ते दाद देत नाही. पुठ्ठा तेवढाच, वजन जवळपास तेवढंच, पण बंद झाल्याबरोबर प्रत्येक भिंत दुसरीला धरून ठेवते. शिडीसारखी चासी वजन पेलायला उत्तम, पण पिळाला कच्ची. आणि तिच्यावर ठेवलेली बॉडी नुसती ओझं म्हणून बसलेली. मग बॉडीलाच कामाला का लावू नये? 1922 साली लान्चिया कंपनीने लॅम्ब्डा ही गाडी लोकांसमोर आणली. तिच्यात खालची वेगळी चौकट नव्हती, बॉडीच भार घेत होती. 1934 साली सिट्रोएनच्या ट्रॅक्शन अवांने ही कल्पना मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीत आणली. विमानवाल्यांकडे या रचनेला आधीपासूनच नाव होतं: मोनोकोक, म्हणजे एकच कवच. 1965 च्या सिल्व्हर शॅडोपाशी रोल्स-रॉइसनेही वेगळी चासी सोडली, आणि तिच्यावर मनासारखी बॉडी बांधून घेण्याच्या धंद्याला उतरती कळा लागली. चढवायला चासीच नाही तर बॉडी कशावर चढवणार?

मला यात एक मौज वाटते. पेटीची भिंत जाऊन चौकट उरली म्हणून ज्या शब्दाचा जन्म झाला, त्या शब्दाची वस्तू शंभरेक वर्षांत पुन्हा पेटी झाली. आजच्या बहुतेक कारमध्ये फरशी, खांब, छत, पुढच्या-मागच्या रेल म्हणजे लांब पोलादी दांडे, हे सगळं एकमेकांत वेल्ड केलेलं एकच अंग असतं. त्यात चासी इथे संपली आणि बॉडी इथे सुरू झाली, अशी रेघ ओढता येत नाही. मोठ्या शिडीवर उभ्या असलेल्या काही एसयूव्ही आणि पिकअप सोडल्या तर ‘चासी’ हा कारच्या बाबतीत नुसता बोलण्यापुरता शब्द उरलाय. इंजिनियर लोक तो शब्द अजून वापरतात, पण त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ सस्पेन्शन, स्टिअरिंग आणि ब्रेक यांची एकत्र जुळणी. ‘या गाडीची चासी छान आहे’ असं परीक्षणात लिहिलेलं असतं तेव्हा लिहिणाऱ्याच्या मनात वळणावरचा तोल असतो. वाचणाऱ्याच्या मनात जाड लोखंड येतं.

जाड लोखंडाचं हे प्रेम महागात पडणारं आहे. ‘जुन्या गाड्या कशा दणकट, आताच्या म्हणजे पत्र्याचे डबे’ हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. 2009 साली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने 1959 सालची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 सालची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या ताशी 40 मैलांच्या वेगाने एकमेकींवर आदळवल्या. बेल एअर ही वेगळ्या चासीची, इंग्रजी ‘एक्स’ अक्षराच्या आकाराच्या चौकटीवर उभी असलेली लांबरुंद गाडी. आदळल्यावर तिचा बसण्याचा भागच चेपला आणि ड्रायव्हरच्या जागचा पुतळा त्यात चिरडला. मालिबूचं नाक गेलं, बसण्याचा पिंजरा शाबूत राहिला. ही चित्रफीत पाहूनही ‘पण आतून गंजलेली असेल’ म्हणणारे लोक मला भेटले आहेत. काही श्रद्धा अपघातातून वाचतात!

मालिबूचं नाक गेलं ते मुद्दाम. बेला बारेन्यी या इंजिनियरने 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला पेटंट घेतलेली ही कल्पना: गाडीचा मधला भाग कडक हवा आणि पुढचा-मागचा भाग चेपणारा, म्हणजे धक्क्याची शक्ती माणसापर्यंत पोचण्याआधी पत्र्यातच खर्ची पडते. 1959 च्या मर्सिडीजमध्ये ती प्रत्यक्षात आली आणि आज सगळीकडे रूढ आहे. पुढच्या रेल नीट पाहिल्या तर त्यांच्यावर ठरावीक अंतराने खाचा किंवा दबलेल्या खुणा दिसतात. तो दोष नव्हे. धडकेत रेलने कुठे घडी घालायची हे तिला आधीच शिकवून ठेवलेलं असतं. उलट मधल्या खांबांना बोरॉन मिसळलेलं, तापवून साच्यात दाबलेलं अतिकठीण पोलाद वापरतात. त्याने घडी घालायचीच नाही.

एवढा पसारा मांडण्याचं कारण असं की मार लागलेल्या गाडीची दुरुस्ती याच जागी येऊन अडते. शिडीची चासी वाकली तर ती ओढून, तापवून, सरळ करून घेण्याची कला जुन्या कारागिरांच्या हातात होती आणि ती बऱ्यापैकी चाले. मोनोकोकमध्ये तापवणं हाच गुन्हा ठरू शकतो. बोरॉन पोलाद एकदा तापवलं की त्याचा कठीणपणा गेला. बाहेरून ते तसंच दिसेल, पुढच्या धडकेत वेगळं वागेल. घडी घातलेली रेल ओढून पुन्हा सरळ केली तर तिने आपलं एक आयुष्य वापरून टाकलेलं असतं. चांगल्या वर्कशॉपमध्ये गाडी बेंचवर, म्हणजे मापं घेण्याच्या चौकटीवर चढवतात, कंपनीने दिलेल्या बिंदूंची मापं घेतात, ठरलेल्या जागी कापून नवा तुकडा ठरलेल्या पद्धतीने जोडतात आणि शेवटी पुन्हा मापं घेतात. सामान्य वर्कशॉपमध्ये साखळी लावून ओढतात, पुट्टी भरतात, रंग मारतात. दोन्ही गाड्या उन्हात सारख्याच चकाकतात. दोघींच्या कागदावर चासीचा नंबर असतो, आणि झालेल्या दुरुस्तीबद्दल तो नंबर एक अक्षर बोलत नाही.

तो बोलणार तरी कसा? त्याचं काम वेगळं आहे. आजचा गाडीचा नंबर 17 अक्षर-अंकांचा असतो. अमेरिकेने 1981 पासून तो सक्तीचा केला आणि आंतरराष्ट्रीय मानकामुळे तो सगळीकडे रुजला. त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं घेत नाहीत, कारण ती एक आणि शून्याशी गल्लत करतात. पहिली तीन अक्षरं गाडी कुणी आणि कुठे बनवली ते सांगतात, पुढची तिचा प्रकार, शेवटची तिचा अनुक्रम. इंग्रजीत याचं अधिकृत नाव ‘वाहन ओळख क्रमांक’ अशा अर्थाचं आहे, त्यात चासी हा शब्दच नाही. आपण मात्र त्याला चासी नंबर म्हणतो आणि नोंदणीच्या कागदावरही तसंच छापतो. त्यामुळे नकळत समज असा होतो की नंबर जुळला म्हणजे चासीची खात्री झाली. खात्री झाली असते ती एवढीच, की हा नंबर ज्या पत्र्याच्या तुकड्यावर ठोकलेला आहे तो तुकडा खरा आहे.

आणि तो तुकडा छोटा असतो. इंजिनमागच्या पडद्यावर, सीटखालच्या फरशीवर, सस्पेन्शन जिथे वर टेकतं त्या बुरुजावर, असा कुठेतरी. चोरांना हे आपल्याआधी कळलं. पार चेपलेल्या गाडीचा कागद विकत घ्यायचा, तिचा नंबराचा तुकडा कापून तशाच चोरीच्या गाडीवर बसवायचा, की चोरीची गाडी कागदोपत्री स्वच्छ. दुसरा प्रकार याहून वाईट. एकीचा पुढचा अर्धा आणि दुसरीचा मागचा अर्धा कापून जोडायचा. नंबर पुढच्या अर्ध्यावर असेल तर कागदाच्या दृष्टीने गाडी अस्सल. मागे बसणाऱ्यांचा भार मात्र एका अनोळखी वेल्डिंगवर.

ओळख आणि अंग यांच्या या तिढ्यावर न्यायालयातही डोकेफोड झाली आहे. 1929 आणि 1930 अशी दोन वर्षं ल मॉंची शर्यत जिंकलेली बेंटली स्पीड सिक्स, ‘ओल्ड नंबर वन’ म्हणून प्रसिद्ध. पुढे तिच्यात एवढे फेरबदल झाले आणि 1932 मध्ये ब्रूकलँड्सच्या ट्रॅकवर तिला एवढा भीषण अपघात झाला, की शर्यत जिंकलेल्या मूळ गाडीतले फार थोडे सुटे भाग शिल्लक राहिले. ही गाडी एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं, मग घेणाऱ्याने ‘ही ती गाडीच नव्हे’ म्हणून हात वर केले आणि प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेलं. 1990 साली निकाल विकणाऱ्याच्या बाजूने लागला. गाडी एकदा मोडून नवी केलेली नाही, तिचा प्रवास अखंड आहे, म्हणून ती ओल्ड नंबर वनच, असा त्याचा रोख. मला तो निकाल संग्राहकांपुरता योग्य वाटतो. त्यांना इतिहास विकत घ्यायचा असतो. रोज पोराबाळांना घेऊन जाणाऱ्या माणसाला गाडीचा अखंड इतिहास नको असतो, अखंड पोलाद हवं असतं. आणि आपल्या कागदाची सगळी यंत्रणा ‘ही तीच गाडी का’ या पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते.

‘पोलाद अखंड आहे का’ या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देणं अशक्य नाही, काही देशांनी ते करून दाखवलं आहे. ब्रिटनमध्ये विमा कंपनीने निकालात काढलेल्या गाड्यांची वर्गवारी ऑक्टोबर 2017 मध्ये बदलली. आधी दुरुस्तीचा खर्च किती, याला महत्त्व होतं. आता दुरुस्त होऊ शकणाऱ्या गाड्यांमध्ये नुकसान सांगाड्यापर्यंत गेलं का, हे बघतात. गेलं असेल तर ‘एस’, नसेल तर ‘एन’, आणि ही खूण गाडीच्या नोंदीला चिकटून राहते. जपानच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘दुरुस्तीचा इतिहास’ या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. दार, बंपर, बॉनेट बदललं तर तो लागू होत नाही, पण रेल, खांब, फरशी असे सांगाड्याचे भाग बदलले किंवा दुरुस्त केले की गाडी त्या सदरात गेली, आणि विकणाऱ्या डीलरने ते सांगायचं असतं. या दोन्ही पद्धतींत कुणी ‘चासी’ या शब्दाभोवती घोटाळत बसलं नाही. भार पेलणारे भाग कोणते याची यादी केली आणि त्या यादीवर बोट ठेवलं. जिथे अशी नोंद नाही तिथे ती सुरू करावी, हे माझं पहिलं म्हणणं: नोंदणीच्या कागदावर गाडीला वेगळी चासी आहे की एकसंध कवच, हे एका शब्दात लिहावं, आणि सांगाड्याच्या भागांना हात लावणारी प्रत्येक विम्याची दुरुस्ती त्या 17 अक्षरांच्या नंबराखाली नोंदवून विकत घेणाऱ्याला पाहता यावी.

यावर हरकत येते ती किमतीची. ‘एस’ची खूण लागली की गाडीचा भाव पडतो, भले दुरुस्ती उत्तम झालेली असो, मग प्रामाणिक वर्कशॉपने झटून मापं का घ्यावीत? हरकत वजनदार आहे. पण ती नोंदीविरुद्ध नाही, अर्धवट नोंदीविरुद्ध आहे. खुणेबरोबर दुरुस्तीनंतरच्या मापांचा कागदही नोंदीत राहिला, तर चांगल्या कामाला पहिल्यांदाच बाजारात किंमत येईल. आज ती शून्य आहे, कारण चांगली आणि वाईट दुरुस्ती दोन्ही लपवल्याच जातात.

दुसरी हरकत मला जास्त खरी वाटते. विमा न घेता रोख पैसे देऊन केलेली दुरुस्ती नोंदीत येणारच नाही, आणि सगळ्यात वाईट कामं नेमकी तिथेच होतात. याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. ठरावीक वर्षांनी होणाऱ्या तपासणीत धूर आणि ब्रेकसोबत सांगाड्याची चार-सहा मापं घेता येतील. समोरच्या दोन बुरुजांमधलं अंतर आणि फरशीखालच्या ठरलेल्या भोकांमधली तिरकी अंतरं एवढ्याने पुष्कळसं उघडं पडतं. त्याला वेळ लागेल, खर्च येईल, तपासणाऱ्याच्या हातात आणखी एक चिरीमिरीची संधी जाईल. तरी ट्रक-बसपासून सुरुवात करायला हरकत नाही, तिथे निदान बघायचं काय हे तरी सगळ्यांना ठाऊक आहे.

हे लवकर करायला हवं, कारण वस्तू पुन्हा बदलते आहे. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये फरशीएवढी सपाट बॅटरीची पेटी, तिच्या दोन टोकांना मोटर आणि चाकं, आणि वर हवी ती बॉडी, अशी रचना परत येते आहे. जनरल मोटर्सने 2002 साली ऑटोनॉमी या नमुन्यात, बॅटरीऐवजी हायड्रोजनचे फ्युएल सेल घालून, अशीच रचना दाखवली होती, तिला ‘स्केटबोर्ड’ असं नावही पडलं. म्हणजे बॉडी सोडून बाकी सगळी गाडी, हा 1907 चाच अर्थ. दुसरीकडे टेस्लाने 2020 पासून मॉडेल वायच्या मागच्या भागातले कित्येक सुटे तुकडे काढून त्याजागी एकच मोठं ॲल्युमिनियमचं कास्टिंग बसवलं. वेल्ड केलेले तुकडे एकेक करून कापता येतात. कास्टिंगला तडा गेला तर तिथे पुट्टी आणि साखळी कामाची नाही, ते बदलायचं किंवा कंपनी सांगेल तेवढीच दुरुस्ती करायची. आणि बॅटरीची पेटीच सांगाड्याचा भाग असेल, तर बॅटरी बदलणं म्हणजे सांगाडा बदलणं का? बदललेल्या बॅटरीची गाडी ‘दुरुस्तीचा इतिहास’ असलेली मानायची का? गाडीतला सगळ्यात महाग भाग आणि सगळ्यात जास्त भार पेलणारा भाग एकच झाला की विमा कंपनी, घेणारा आणि विकणारा तिघंही हा प्रश्न न्यायालयात घेऊन जाणार. त्याआधी परिवहन खात्यांनी भार पेलणाऱ्या भागांची यादी करून ठेवावी, आणि त्या यादीत बॅटरीची पेटी कोणत्या गाड्यांत धरायची हे गाडी बनवणाऱ्याकडून मंजुरीच्या वेळीच लिहून घ्यावं.